कुत्र्यासकट नवीन शहरात: घर आणि माणसं शोधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्रा घेऊन नवीन शहरात जाणाऱ्यांकडून तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. भाडं, डिपॉझिट, कायदा हे जागेजागी वेगळं असतं, ते आपापल्या ठिकाणी विचारून घ्या. आधी घराचे प्रश्न घेतलेत, मग माणसांचे. खरं तर मला हे दोन वेगळे विषय वाटतच नाहीत, कारण रोज सकाळ-संध्याकाळ ज्या रस्त्याने कुत्रा फिरवाल त्याच रस्त्यावर तुमच्या ओळखी होणार आहेत, तेव्हा घर बघायच्या आधी तो रस्ता बघा.

१. घर शोधायला किती आधी सुरुवात करू?

एकट्या माणसाला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट धरून चाला. कुत्र्याचं नाव काढलं की यादीतली बरीच घरं फोनवरच गळतात, आणि जी उरतात त्यातली अर्धी बघितल्यावर गळतात. जमत असेल तर आधी महिना-दोन महिन्यांसाठी तात्पुरती जागा घ्या जिथे कुत्रा चालतो, आणि तिथून पायी फिरून पक्कं घर शोधा. व्हिडिओ कॉलवर किचन दिसतं, बाथरूम दिसतं, पण खाली गवत आहे का सगळं काँक्रीट आहे, रात्री रस्त्यावर दिवे असतात का, बाजूच्या घरात कोण राहतं, हे काही दिसत नाही. लांबूनच घर ठरवायची वेळ आली तर निदान त्या शहरातल्या कोणाला तरी संध्याकाळी तिथे एक चक्कर मारायला सांगा.

२. जाहिरातीत 'पेट फ्रेंडली' लिहिलंय, मग प्रश्न मिटला ना?

नाही मिटला. ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात फिश टँक असू शकतो, मांजर असू शकतं, फार तर मांडीवर मावेल एवढा पॉमेरेनियन. आणि घरमालक एक बोलतो, बिल्डिंगचे नियम दुसरंच सांगतात, असं कायम होतं. म्हणून दोघांकडे वेगवेगळं विचारा. विचारायचं काय, तर वजनाची किंवा उंचीची मर्यादा आहे का, काही जातींना मनाई आहे का, किती प्राणी चालतात, लिफ्टमधून नेता येतो का, खालच्या बागेत सोडाच पण बागेतून चालत जाऊ देतात का, आणि पाळीव प्राण्याचं वेगळं डिपॉझिट किंवा दरमहा वेगळे पैसे आहेत का. वजनाची मर्यादा असेल तर आत्ताचं वजन सांगू नका, पूर्ण वाढ झाल्यावरचं सांगा. चार महिन्यांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू सगळ्यांनाच गोड वाटतं, वर्षभरात ते तीस किलोच्या आसपास जातं आणि मग तीच माणसं नियम काढून दाखवतात.

३. कुत्रा आहे हे घरमालकाला कधी सांगू? घर आवडल्यावर सांगितलं तर चालेल का?

पहिल्याच मेसेजमध्ये सांगा. लोकांना वाटतं आधी भेटू, छाप पाडू, मग हळूच विषय काढू, पण समोरच्याला ते लपवल्यासारखंच वाटतं आणि जो कदाचित हो म्हणाला असता तोही अडून बसतो. मेसेज छोटा ठेवा, म्हणजे कुत्र्याचं नाव, वय, वजन, जात (किंवा मिक्स), लसीकरण पूर्ण आहे आणि भेटायला आणू शकतो, एवढं, सोबत एक शांत बसलेला फोटो. जीभ बाहेर काढून उड्या मारतानाचा फोटो तुम्हाला कितीही आवडत असला तरी तो पाठवू नका. घरमालकाला त्यात फक्त दात आणि सोफा दिसतो.

लपवून ठेवायचा विचार असेल तर प्रश्न ७ वाचा.

४. घरमालकाला पटवायला काय काय कागद दाखवू?

एक छोटी फाइल करा. लसीकरणाचं कार्ड (रेबीजच्या लसीची तारीख स्पष्ट दिसायला हवी), नसबंदी झाली असेल तर त्याचा दाखला, मायक्रोचिपचा (कातडीखाली बसवतात त्या ओळखीच्या चिपचा) नंबर आणि वेटचं, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरचं, दोन ओळींचं पत्र की कुत्रा निरोगी आहे आणि तपासताना त्रास देत नाही. आधीच्या घरमालकाचं किंवा शेजाऱ्याचं पत्र मिळालं तर ते बाकी सगळ्यापेक्षा भारी पडतं, कारण घरमालकाला लसीपेक्षा दार कुरतडण्याची आणि भुंकण्याची काळजी जास्त असते. जुनं घर सोडतानाच ते पत्र मागून घ्या, नंतर कोणी फोन उचलत नाही. ट्रेनिंग क्लासचं सर्टिफिकेट असेल तर तेही लावा.

मायक्रोचिपबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकते. आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकाच्या चिपमध्ये १५ आकडी नंबर असतो, बस्स. तो जीपीएस नाही, कुत्रा कुठे आहे हे त्यातून कळत नाही. कोणीतरी स्कॅनर फिरवला तर नंबर दिसतो आणि त्या नंबरवर तुमचा फोन नोंदवलेला असेल तरच तुम्हाला फोन येतो. म्हणजे शहर बदललं, फोन बदलला, की नोंदही बदलायची.

५. फ्लॅट बघायला गेल्यावर नेमकं काय बघू?

शक्य असेल तर दोनदा जा, एकदा दिवसा आणि एकदा रात्री दहाच्या सुमाराला, कारण शेवटची फेरी तुम्ही त्याच वेळी मारणार आहात. दारातून निघून कुत्रा शू करू शकेल अशा पहिल्या जागेपर्यंत चालत जा. हे अंतर पाच मिनिटांच्या आत असेल तर बाकी बऱ्याच गोष्टी पोटात घालता येतात. पंधरा मिनिटं असेल तर पावसात, तापात, पहाटे, रोज पंधरा मिनिटं आहेत हे लक्षात ठेवा.

मग मजला. लिफ्ट बंद पडली तर काय, हा प्रश्न स्वतःला विचारा. डॅक्सहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्यांना मणक्याचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते, त्यांना रोज चार जिने चढवणं-उतरवणं बरोबर नाही. म्हाताऱ्या कुत्र्याचंही तेच, आणि तीस किलोचा कुत्रा उचलून चौथ्या मजल्यावर नेणं हे एकदा करून बघितलं की कळतं. बाल्कनीच्या ग्रिलमधून डोकं जातंय का ते बघा, डोकं गेलं की छोट्या कुत्र्याचं बाकी अंगही जातं. फरशी गुळगुळीत असेल तर चटया टाकाव्या लागतील. कॉमन भिंतीच्या पलीकडे कोण आहे, तान्हं बाळ आहे का, रात्रपाळी करून दिवसा झोपणारं कोणी आहे का, हे विचारा, आणि मुख्य दार थेट जिन्यात उघडतं का ते बघा, कारण प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याचा आवाज आत येत असेल तर भुंकणं वाढणार हे नक्की.

उन्हाळा कडक असेल तर दुपारी खालच्या रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून बघा, सात सेकंद ठेववत नसेल तर त्या वेळी कुत्र्याचे पाय भाजतील. सावलीचा रस्ता आहे का ते त्याच फेरीत बघून घ्या. सगळ्यात जवळचा वेट कुठे आणि रात्री उघडा असणारा दवाखाना कुठे, हे ॲग्रीमेंटच्या आधी शोधा.

आणि एक गोष्ट जी कोणी बघत नाही, त्या वेळी खाली अजून कोणी कुत्रं फिरवतंय का. फिरवत असेल तर सरळ थांबवून विचारा, 'इथे कुत्र्यावरून कटकट होते का?' एजंट जे अर्ध्या तासात सांगत नाही ते हा माणूस दोन मिनिटांत सांगतो. वर तुमची पहिली ओळखही झाली.

६. मोठा कुत्रा फ्लॅटमध्ये राहील का? सगळे म्हणतात छोटाच हवा.

आकारापेक्षा स्वभाव आणि वय बघा. ग्रेट डेन पन्नास किलोच्या वर जातो पण घरात बहुतेक वेळ आडवा पडलेला असतो, ग्रेहाउंड तर शर्यतीचा म्हणून ओळखला जातो आणि घरात झोपाळू निघतो. उलट जॅक रसेल टेरियर छोटासा, पण दिवसभर काम शोधत असतो. बीगलचा आवाज शिकारीत लांबवर ऐकू जावा म्हणून पिढ्यान्पिढ्या निवडलेला आहे, तो पातळ भिंतीच्या घरात शेजाऱ्यांना आवडेलच असं नाही. बॉर्डर कॉलीला डोक्याला काम लागतं, नुसतं मोठं घर देऊन भागत नाही. घर कितीही मोठं असलं तरी कुत्रा आपणहून हॉलमध्ये व्यायाम करत नाही, तुम्हाला बाहेर न्यावंच लागतं. घरमालकाला मात्र हे पटवणं अवघड, तिथे प्रश्न ४ ची फाइलच कामाला येते.

७. तोंडी 'चालेल हो' म्हणाले, ते पुरेसं आहे का? आणि सांगितलंच नाही तर?

तोंडी हो म्हणजे ज्या दिवशी तक्रार येईल त्या दिवशी नाही. ॲग्रीमेंटमध्ये कुत्र्याचं वर्णन करून परवानगी लिहून घ्या, वेगळे पैसे देत असाल तर ते परत मिळणारे आहेत का नाहीत तेही लिहा. राहायला जायच्या दिवशी दारं, चौकटी, फरशी, भिंतीचे खालचे भाग यांचे फोटो काढून घरमालकाला त्याच दिवशी पाठवा, म्हणजे जुने ओरखडे तुमच्या कुत्र्याच्या नावावर लागणार नाहीत.

लपवून ठेवण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, करू नका. नैतिक वगैरे बाजूला ठेवा, व्यवहारच बघा. लपवलेला कुत्रा म्हणजे चोरून जिने उतरणं, लिफ्टमध्ये कोणी आलं की धडधडणं, शेजाऱ्यांना टाळणं. ज्या शहरात तुम्हाला ओळखी हव्यात तिथे तुम्ही पहिल्या दिवसापासून तोंड लपवून राहणार, आणि तरीही आठवडाभरात सगळ्यांना कळणारच आहे.

८. घरात शिरल्यावर पहिले काही दिवस काय करू? तो जेवतच नाहीये.

एखाद-दुसरा दिवस कमी खाल्लं तर घाबरू नका, पण पाणीही पीत नसेल, उलट्या-जुलाब असतील किंवा अगदी लहान पिल्लू असेल तर वाट न बघता वेटकडे न्या. आपल्याला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास, त्यामुळे लिफ्टची मोटर, पंप, चार्जर असे आपल्याला न जाणवणारे आवाज त्याच्यासाठी सगळे नवे असतात. जुनं अंथरूण धुवू नका, तसंच आणा, वास ओळखीचा राहू दे. जेवणाच्या आणि फिरायच्या वेळा जुन्याच ठेवा. पहिले काही आठवडे पट्टा सोडू नका, जुन्या घरी कितीही हाकेला येत असला तरी, कारण इथे घाबरून पळाला तर परत यायचा रस्ता त्याला माहीत नाही. गळ्यातल्या बिल्ल्यावर चालू फोन नंबर टाका.

९. मी ऑफिसला गेले की तो भुंकतो, शेजाऱ्यांनी तक्रार केलीय. आता काय?

आधी तो काय करतो ते बघा, अंदाज बांधू नका. जुना फोन रेकॉर्डिंगला लावून बाहेर पडा. एकटेपणाची भीती असेल तर बहुतेकदा तुम्ही गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच दिसायला लागतं, येरझाऱ्या, धापा, दार ओरबाडणं, लाळ. दोन तास झोपून मग जिन्यात पाय वाजले की भुंकत असेल तर ते वेगळं, तिथे दारापासून लांबची खोली, पडदे, पंख्याचा सलग आवाज यांनी बराच फरक पडतो. भीती असेल तर अगदी थोड्या वेळापासून सवय लावावी लागते, आधी दार उघडून लगेच आत, मग एक मिनिट, मग पाच, आणि प्रकरण जास्त असेल तर वेटशी बोला, त्यावर औषधं असतात आणि ती द्यायला लाजायचं कारण नाही. शॉक देणारा पट्टा मात्र नको. घाबरलेल्याला दुखवून तो कमी घाबरत नाही.

पिल्लू असेल तर ढोबळ हिशोब असा की जितके महिने वय तितके तास ते शू धरू शकतं, म्हणजे तीन महिन्यांचं पिल्लू आठ तास एकटं ठेवणं शक्यच नाही.

तक्रार करणाऱ्या शेजाऱ्याकडे स्वतः जा. 'मी यावर काम करतेय, जास्त झालं तर या नंबरवर मेसेज करा' एवढं बोललात तर तो माणूस थेट घरमालकाला फोन करण्याआधी तुम्हाला कळवतो. तक्रार घेऊन आलेले शेजारी पुढे ओळखीचे झालेत, हे बऱ्याच जणांकडून ऐकलंय.

१०. पिल्लाच्या लसी पूर्ण नाहीत, मग बाहेर न्यायचं का नाही?

खाली सोडायचं नाही, पण घरात कोंडायचंही नाही. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, त्यामुळे जिथे अनोळखी कुत्री येतात तिथे जमिनीवर ठेवणं धोक्याचं. पण साधारण तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्यापर्यंतचा काळ पिल्लाला जगाची सवय लावायचा असतो आणि पिल्लाच्या लसींचा शेवटचा डोस सोळाव्या आठवड्याला किंवा त्यानंतर, म्हणजे लसींसाठी थांबलात तर तो काळ निघून जातो. उपाय सोपा आहे, कडेवर किंवा बॅगेत घेऊन फिरा. ट्रॅफिक, छत्र्या, लहान मुलं, व्हीलचेअर सगळं वरून बघू दे. लसी झालेल्या ओळखीच्या निरोगी कुत्र्याकडे न्यायला हरकत नसते. कडेवर पिल्लू असलेल्या माणसाला रस्त्यात किती लोक थांबवतात ते वेगळं सांगायला नको.

११. कुत्र्यामुळे खरंच ओळखी होतात का, का उगाच म्हणतात?

होतात. जून मॅकनिकोलस आणि ग्लिन कॉलिस या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००० साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला होता. कुत्रा सोबत असताना अनोळखी लोक बोलायला येण्याचं प्रमाण खूप वाढलं, आणि गंमत म्हणजे माणूस नीटनेटक्या कपड्यांत आहे का गबाळा, याने पडणारा फरक कुत्रा असण्या-नसण्याच्या फरकापुढे कमी होता. म्हणजे सकाळी चुरगळलेला टी-शर्ट घालून गेलात तरी चालतं.

घराचा पण यात हात असतो. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फेस्टिंगर, शाख्टर आणि बॅक या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या वसाहतीत कोणाची कोणाशी मैत्री होते हे बघितलं, तर अगदी शेजारच्यांशी सगळ्यात जास्त, आणि जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावर जास्त ओळख, कारण येता-जाता दिसतात. म्हणून मी म्हणते, वेळ आणि रस्ता ठरवून ठेवा. रोज वेगळ्या रस्त्याने गेलात तर कुत्र्याला मजा येईल, पण तुम्ही सगळ्यांसाठी अनोळखीच राहाल. एक फेरी ठरलेली, एक फेरी मनाला येईल तशी, असं करा.

१२. सगळ्यांना माझ्या कुत्र्याचं नाव माहितीय, माझं कोणालाच नाही. ओळख पुढे कशी न्यायची?

हे सगळ्यांचंच होतं, कित्येक महिने 'ब्रूनोची आई' म्हणूनच ओळखलं जातं. सरळ म्हणा, 'इतके दिवस भेटतोय, तुमचं नाव काय?' उशीर झालाय असं वाटून घेऊ नका, समोरचाही तेवढाच अडलेला असतो.

पुढचं सगळं तासांवर आहे. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मांडलेला अंदाज असा की नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, चांगली मैत्री व्हायला ९० च्या आसपास आणि जवळची मैत्री व्हायला २०० हून जास्त तास लागतात. आता रोज दहा मिनिटं कोपऱ्यावर बोललात तर ५० तासांनाच दहा महिने गेले! म्हणून दोन महिन्यांत मित्र झाले नाहीत म्हणून खचू नका, पण दहा मिनिटांवर अडकूनही राहू नका. काहीतरी नेमकं विचारा. 'कधीतरी भेटू' याला काही अर्थ नसतो, 'रविवारी सकाळी तळ्यापर्यंत जाणार आहे, तुम्ही दोघं येता का' याला असतो. आणि बोलून झाल्यावर 'मी जरा जास्तच बडबडले' असं वाटलं तर सोडून द्या, समोरच्याला आपण जितके आवडलो असं आपल्याला वाटतं त्यापेक्षा साधारणपणे जास्तच आवडलेलो असतो, यावरही २०१८ मध्येच अभ्यास झालाय.

१३. मी लाजाळू आहे, बोलायला सुरुवातच जमत नाही.

कुत्र्याबद्दल विचारा, वय किती, नाव काय, इथला वेट कोणता चांगला. वेटचा प्रश्न सगळ्यात बरा, कारण त्यावर प्रत्येकाकडे एक लांबलचक गोष्ट असते आणि तुम्हाला फक्त ऐकायचं असतं.

१४. माझा कुत्रा दुसऱ्या कुत्र्यांवर धावून जातो. मला तर सगळे टाळतात.

मग कुत्र्यांच्या घोळक्यात जाऊन मैत्री हा मार्ग तुमचा नाही, आणि त्यात काही बिघडत नाही. डॉग पार्कच्या कुंपणात तर नेऊच नका. एका समंजस कुत्र्याच्या मालकाला विचारून समांतर चाला, मध्ये भरपूर अंतर, दोघंही एकाच दिशेने, तोंडासमोर तोंड नाही. कुत्रे शांत राहिले तर अंतर हळूहळू कमी करा, आणि तोवर माणसं बोलतच असतात. पट्ट्याला पिवळी रिबन बांधतात, याचा अर्थ 'आम्हाला जरा जागा द्या', पण तो सगळ्यांना माहीत असतो असं नाही, त्यामुळे तोंडाने सांगायची तयारी ठेवा. बास्केट मझलची (तोंडाला लावायच्या जाळीच्या टोपलीची) सवय आधीच लावलेली बरी, त्यात धापा टाकता येतात, पाणी पिता येतं.

वागणं अचानक बदललं असेल तर आधी वेट, कारण दुखण्यामुळेही कुत्रे चिडचिडे होतात. आणि आठवड्यातली एक संध्याकाळ कुत्र्याशिवायची ठेवा, क्लास, वाचनालय, खेळ, काहीही.

१५. रूममेटसोबत घर घेतेय, कुत्रा माझा. काय ठरवून घेऊ?

तो कुठल्या खोलीत जाऊ शकतो, केस कोण झाडणार, चप्पल चावली तर पैसे कोण देणार, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 'मला उशीर होतोय, जरा फिरवून आण ना' हे आठवड्यात किती वेळा चालेल. शेवटच्यावरून भांडणं होतात. ॲग्रीमेंटमध्ये कुत्र्याची परवानगी तुमच्या नावावर असू दे.

१६. घरी मित्रांना बोलवायचंय, पण एकीला ॲलर्जी आहे आणि एक जण घाबरतो.

'ॲलर्जी न होणारी जात' असं खात्रीचं काही नसतं. त्रास देणारी प्रथिनं लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात असतात, त्यामुळे केस न गळणाऱ्या कुत्र्यानेही त्रास होऊ शकतो. तिला बाहेरच भेटा. घाबरणाऱ्यासाठी कुत्रा आधीच दुसऱ्या खोलीत ठेवा. 'काही करत नाही तो' हे वाक्य म्हणू नका, भीती त्याने जात नाही, उलट आपलं कोणी ऐकत नाही असं वाटतं.

१७. अजून कुत्रा नाहीये. नवीन शहरात एकटं वाटतं म्हणून पाळू का?

फक्त तेवढ्यासाठी नको. कुत्रा दहा-बारा वर्षं असतो, एकटेपणाचा हा काळ तेवढा टिकेलच असं नाही. शिवाय भाड्याची घरं लगेच कमी होतात. आधी शेल्टरमध्ये फिरवायला जा, किंवा थोड्या दिवसांसाठी फॉस्टर करा, म्हणजे तिथला कुत्रा तात्पुरता घरी सांभाळा, त्यातूनही ओळखी होतातच, कुत्रा स्वतःच्याच मालकीचा हवा असं प्रश्न ११ मध्ये कुठे होतं? फॉस्टरलाही घरमालकाची परवानगी लागते, हे विसरू नका.

१८. अचानक बाहेरगावी जावं लागलं किंवा मीच ॲडमिट झाले तर? इथे माझं कोणीच नाही.

ही वेळ यायच्या आधी दोन माणसं तयार ठेवा, एकावर भागत नाही, तो नेमका त्याच दिवशी गावाला गेलेला असतो. फेरीवर भेटणाऱ्या माणसांना हे विचारणं वाटतं तितकं अवघड नाही, कारण त्यांनाही तीच अडचण असते. आधी त्यांचा कुत्रा एक संध्याकाळ तुमच्याकडे ठेवा, मग तुमचा त्यांच्याकडे, गरज नसताना, म्हणजे कुत्र्यालाही ते घर ओळखीचं होतं. चावी एकाकडे. फ्रिजवर एक कागद लावा, त्यावर किती आणि कधी खायला, औषधं, कशाला घाबरतो, वेटचा नंबर. तुमच्या पाकिटातही एक चिठ्ठी असू दे की घरी कुत्रा एकटा आहे, याला फोन करा. आणि वेटकडे आधीच लेखी देऊन ठेवा की मी फोनवर भेटले नाही तर अमुक माणूस उपचारांचा निर्णय घेईल आणि अमुक रकमेपर्यंतचा खर्च मी देईन, नाहीतर तो बिचारा रात्री दवाखान्यात उभा राहून तुमचा बंद फोन लावत बसेल.